दुर्मीळ भुंगेऱ्याचा फोटो कसा पारखायचा

फोटो आला की आधी तो पूर्ण आकारात उघडा. मोबाइलच्या पडद्यावर सगळेच भुंगेरे देखणे दिसतात. संगणकावर शंभर टक्क्यांवर उघडून डोक्यापासून मागच्या टोकापर्यंत सावकाश सरकवत पाहिलं की काय टिपलं गेलंय आणि काय निसटलंय ते कळतं. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून आला असेल तर पारखायला बसूच नका. तिथे फाइल दाबली जाते आणि फोटोसोबतची तारीख, वेळ, जागा ही माहिती गळून पडते. पाठवणाऱ्याला सांगा, ‘डॉक्युमेंट’ म्हणून मूळ फाइल पाठव.

गोव्यात डिचोलीला आमचा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी तो काढला, आणि लाइट बॉक्सवर निगेटिव्ह ठेवून भिंगातून कोपरान् कोपरा बघायची सवय त्यांनीच मला लावली. पोटापाण्यासाठी लग्नं, मुंजी, पासपोर्ट फोटो. पण पावसाळा लागला की केरी, वाळपई, म्हादईच्या बाजूची मुलं पेनड्राइव्ह भरून किड्यांचे फोटो घेऊन येतात. ते अभ्यासकांकडे पाठवण्याआधी निवडून द्यायचं काम माझ्याकडे आलं आणि मला ते मनापासून आवडतं. मी कीटकशास्त्रज्ञ नाही. फोटो वाचणं मात्र माझा धंदा आहे.

‘फोटो सुंदर आहे का’ हा प्रश्न मी नंतर विचारते. आधी हे बघते, की जो माणूस त्या रानात नव्हता त्याला या फोटोवरून भुंगेरा ओळखता येईल का? आणि आपण दिलेलं नाव चुकीचं असेल तर ते त्याला याच फोटोवरून खोडून काढता येईल का? नेहमीच्या किड्याचा फोटो फसला तर उद्या दुसरा काढता येतो. दुर्मीळ भुंगेरा पुन्हा भेटेलच असं नसतं. त्या जागेवर तो होता याचा तेवढाच पुरावा उरतो.

मुळात दुर्मीळ आहे का, हे तपासायला गोव्यातले नेहमीचे मोठे भुंगेरे तोंडपाठ हवेत. जूनचा पाऊस सुरू झाला, अंगणातल्या दिव्याभोवती काळाकभिन्न शिंगवाला भुंगेरा घिरट्या घालायला लागला, की दुसऱ्या दिवशी कुणीतरी दारात येतंच, “ताई, हा दुर्मीळ ना?” “नाही रे बाबू, हा गेंड्या भुंगा. तुमच्या माडांच्या शेंड्यात शिरतो तोच.” त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजक्या माडाच्या खोडात वाढतात, म्हणून तो घराजवळ इतका दिसतो. तांबूस रंगाचा, लांब सोंडेचा सोंड्या भुंगाही माडाचाच शत्रू. काजूच्या बुंध्यात आणि मुळांत शिरणारा तांबूस-तपकिरी, लांब मिशांचा एक आहे. आणि आंब्याच्या खोडात अळी असते तो बॅटोसेरा: चांगला पाच सेंटिमीटर लांब, राखाडी, डोक्यामागच्या कवचावर दोन नारिंगी-लाल ठिपके, पंखांच्या बुडाशी काळे चमकदार दाणे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो परदेशातून आल्यासारखा वाटतो, पण कलमांच्या बागायतदाराला विचारा, तो त्याला चांगला ओळखतो. एवढे ओळखता आले की ‘दुर्मीळ’ म्हणून आलेल्या फोटोंचा मोठा ढीग तिथेच बाजूला होतो.

उरलेल्यांसाठी माझी पद्धत एकच आहे. ज्या जातीचा संशय असेल तिचं छापील वर्णन फोटोशेजारी उघडायचं आणि त्यातलं एकेक वाक्य फोटोला विचारायचं. लांब शृंगिकांच्या, म्हणजे मिशांच्या, भुंगेऱ्यांवर सी. जे. गहान यांनी १९०६ साली लिहिलेला खंड आजही उपयोगी पडतो. त्या काळी वर्णन करणाऱ्यांच्या हातात टाचणीला टोचलेला किडा आणि भिंग असायचं. म्हणून त्यांच्या वर्णनात चकाकी, डौल काही नसतं. कवचाच्या कडेला काटा आहे की नाही, शृंगिकेचा तिसरा भाग चौथ्यापेक्षा लांब आहे का, पंखांच्या टोकाला खाच आहे की टोक गोल आहे, खालून लव कोणत्या रंगाची आहे, असे प्रश्न असतात. दहातल्या सात-आठ प्रश्नांना फोटो उत्तर देत असेल तर तो ठेवायचा. दोनच उत्तरं मिळाली तर तो कितीही झळाळता असू दे, ओळखीच्या दृष्टीने मुका आहे.

कुठे बघायचं ते सांगते. वरून पाहिलं की भुंगेऱ्याचे तीन तुकडे दिसतात: डोकं, त्यामागचं कवच म्हणजे प्रोनोटम, आणि पाठीवर मिटलेले दोन टणक पंख. त्या पंखांच्या बुडाशी मधोमध एक लहानसा त्रिकोण असतो. पंखांमधली शिवण मागच्या टोकापर्यंत सरळ रेषेत दिसली पाहिजे. पंखांवर खाचा आहेत का, खाचांत टिंबं आहेत का, ती ओळीत आहेत की विखुरलेली, हे शंभर टक्क्यांवर दिसायला हवं. शृंगिकांचे भाग मोजा. बहुतेक भुंगेऱ्यांत ते ११ असतात. शेणकिडे आणि गेंड्या भुंगा यांच्या गटात साधारणपणे दहा किंवा त्याहून कमी, आणि टोकाला पंख्यासारखी उघडमीट होणारी पाती. मग पावलं. जमिनीवरचे भक्षक भुंगेरे आणि वाघ भुंगेरे यांच्या सहाही पावलांत पाच-पाच पेरं असतात. अंधारात राहणाऱ्या, पुष्कळदा काळपट अशा एका मोठ्या कुळात पुढच्या चार पायांत पाच आणि मागच्या दोघांत चार. लांब शृंगिकांच्या भुंगेऱ्यांत आणि पानं खाणाऱ्यांत चारच दिसतात, कारण एक पेर इतकं बारीक असतं की दोन पेरांच्या बेचक्यात दडून जातं. नुसत्या पावलांवरून कूळ बदलतं, आणि नेमकी पावलंच शेवाळात किंवा पानाच्या कडेआड गेलेली असतात. फोटो काढणारे डोळे आणि जबडा यांच्या मागे असतात, पावलांकडे कुणी बघत नाही. म्हणून पावलं स्वच्छ आलेला फोटो दिसला की मी त्याला आपोआप एक पायरी वर ठेवते.

एका फोटोत हे सगळं मावत नाही, आणि मावावं अशी अपेक्षाही धरू नका. अगदी जवळून, म्हणजे भुंगेरा सेन्सरवर स्वतःच्याच मापाचा पडेल इतक्या जवळून काढलं, की फुल फ्रेम कॅमेऱ्यावर भिंगाचं छिद्र एफ ११ इतकं बारीक ठेवूनही जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीचा थर नितळ येतो. गेंड्या भुंगा पोटापासून पाठीपर्यंत त्याच्या कितीतरी पट जाड असतो. एफ २२ करून सुटका होत नाही. इतक्या जवळून ते छिद्र एफ ४४ इतकं लहान असल्यासारखं वागतं आणि सगळाच फोटो मऊ पडतो. त्यामुळे ‘सगळं स्पष्ट आहे का’ असं न विचारता ‘नितळ थर कुठे ठेवलाय’ असं विचारायचं. वरून काढलेल्या फोटोत तो प्रोनोटम आणि पंखांच्या शिवणीवर हवा. त्यासाठी कॅमेरा भुंगेऱ्याच्या पाठीला समांतर असावा लागतो. तिरका धरला की प्रोनोटम आखूड दिसतं आणि लांबी-रुंदीचं प्रमाण बिघडतं. समोरून काढलेल्यात थर डोळ्यांवर आणि जबड्यावर हवा, बाजूने काढलेल्यात पायांवर. वरून, बाजूने, समोरून असे तीन साधे फोटो माझ्या लेखी एका देखण्या तिरक्या फोटोपेक्षा सरस ठरतात.

हल्ली मुलं अनेक फोटो एकावर एक चढवून पूर्ण नितळ फोटो तयार करतात. मला ते मान्य आहे, पण असा फोटो तपासायची पद्धत वेगळी आहे. भुंगेरा जिवंत असतो, शृंगिका हलवतो. मग थर जुळवताना शृंगिका दोनदा उमटते किंवा मधूनच तुटते. अकराऐवजी तेरा भाग मोजले गेले तर नवी जात सापडली म्हणून आनंदून जाऊ नका, जोड तपासा. पायांच्या कडेला धुरकट वलय दिसलं तर त्या पायावरच्या काट्यांवर विसंबू नका. अशा फोटोसोबत चढवण्याआधीचे निदान दोन-चार सुटे फोटो मागायचेच.

मोबाइलच्या मॅक्रोचं दुखणं निराळं. दोन-तीन सेंटिमीटरवरून रुंद भिंगाने काढलं की जे पुढे असतं ते भलतंच मोठं दिसतं. नाकासमोर आलेलं शिंग अंगाच्या निम्म्याएवढं भासतं. त्या फोटोवरून प्रमाण काढायचं नाही. शिवाय कित्येक फोन स्वतःच्या अकलेने कडा धारदार करतात आणि पोत भरून काढतात. त्याहून वाईट म्हणजे फोटो ‘सुधारणारी’ सॉफ्टवेअर. माणसाच्या गालावर ती कातडीची छिद्रं घालतात, भुंगेऱ्याच्या पंखांवर टिंबं घालतात. किड्याच्या पाठीवरची टिंबंच जात ठरवत असताना ही लबाडी मला सहन होत नाही. ओळखायची खूण अशी, की खरी टिंबं पंखाच्या वळणाबरोबर लहान होत, दाटत जातात. घातलेली टिंबं सगळीकडे सारख्याच मापाची असतात. पानाचा पोतही बघा. मागचं पान धूसर असायला हवं तिथे बारीक जाळी उमटली असेल तर फोटो परत पाठवा.

उजेडाबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण यात माझं आयुष्य गेलंय. नवरीच्या फोटोत तिच्या बुबुळातला पांढरा ठिपका बघून छत्री कुठे लावली होती हे आम्ही सांगतो. भुंगेऱ्याच्या पाठीवर तसंच वाचता येतं. त्याचे पंख फुगीर आणि चकचकीत असतात, समोरचा प्रत्येक दिवा त्यांत दिसतो. छोटा, कडक, चौकोनी पांढरा डाग म्हणजे उघडा फ्लॅश. गोल कडं म्हणजे रिंग फ्लॅश. पसरट, कडा विरत गेलेला उजळ पट्टा म्हणजे कुणीतरी फ्लॅशपुढे पांढरा कागद किंवा कापड धरायची तसदी घेतली आहे. डाग शुभ्र झाला की त्याखालचं सगळं कायमचं गेलं, नंतर कितीही काळपट केलं तरी परत येत नाही. तो डाग कुठे पडलाय ते बघा. प्रोनोटमच्या मधोमध असेल तर फोटोचा जीवच गेला. पंखाच्या उतारावर, ठिपक्यांपासून दूर असेल तर चालून जाईल.

रंगावर भरवसा ठेवण्याआधी तो कुठून आला ते विचारा. कुळागरात किंवा घनदाट झाडीत पानांतून गाळून आलेला उजेड हिरवा असतो. रात्री पांढऱ्या चादरीवर मर्क्युरी दिवा लावून काढलेले फोटो निळसर येतात. चादर फोटोत असेल तर सोपं आहे. ती खरोखर पांढरी दिसते का ते बघायचं. निळी दिसत असेल तर भुंगेऱ्याचा निळाही शंकास्पद. रत्नभुंगेऱ्यांचा हिरवा-तांबडा झगमगाट रंगद्रव्याचा नसतो, कवचाच्या सूक्ष्म थरांतून परतणाऱ्या प्रकाशाचा असतो. म्हणूनच कोन बदलला की रंग बदलतो, आणि म्हणूनच तो मेल्यावरही टिकतो. १९व्या शतकात असे पंख कापडावर टाचून भरतकाम करत. अशा भुंगेऱ्याचे दोन कोनांतून फोटो हवेत, नाहीतर हिरवा आणि जांभळा अशा दोन जाती आहेत असा समज होतो. रताळ्याच्या वेलावर येणाऱ्या सोनेरी कासव भुंगेऱ्याचं याच्या उलट. त्याचं सोनं कवचातल्या ओलाव्यावर अवलंबून असतं आणि मेल्यावर उतरून मळकट पिवळं-तपकिरी होतं. फोटोत ते सोनं लखलखत असेल तर एवढं नक्की, की फोटो काढला तेव्हा भुंगेरा जिवंत होता.

जिवंत होता की नाही हे मी दर वेळी बघते. जिवंत भुंगेऱ्याच्या नख्या पकडलेल्या असतात, शेवाळात, सालीत, पानाच्या शिरेत रुतलेल्या. मेलेला ठेवला असेल तर पाय पोटाखाली सारखे दुमडलेले, नख्या हवेत, शृंगिका लोंबत्या किंवा अंगाला चिकटलेल्या. फ्रिजमध्ये गार करून सुन्न केलेला भुंगेराही असाच अवघडून बसतो. जमिनीवर धावणारा वाघ भुंगेरा जास्वंदाच्या मधोमध शांत बसलेला दिसला तर विचारायलाच हवं, बसवला कुणी? अंगावर एकसारख्या मापाचे थेंब आणि बाजूचं पान कोरडं असेल तर ते पाणी फवारलेलं आहे. मोले, खोतीगाव, नेत्रावळी, बोंडला, म्हादई ही सगळी संरक्षित रानं आहेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तिथे परवानगीशिवाय किडा पकडता येत नाही. डबीत बंद केलेल्या भुंगेऱ्याचा फोटो तिथून आला तर परवाना कुणाकडे होता हे विचारल्याशिवाय मी तो पुढे पाठवत नाही, फोटो कितीही चांगला असला तरी.

पावसाळी फोटोंत आणखी एक गोष्ट दिसते. एसी लावलेल्या गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढला की आपल्याकडच्या दमट हवेत भिंगावर वाफ धरते. फोटोत दव पडल्यासारखा, स्वप्नाळू धुरकटपणा येतो आणि लोक त्याचं कौतुक करतात. खरं धुकं मागच्या झाडांवर जास्त असतं, जवळच्या भुंगेऱ्यावर कमी. सगळीकडे सारखंच असेल तर भिंगावरची वाफ आहे, किंवा आत बुरशी धरली आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या गोव्यात कपाटातल्या भिंगांचं हे व्हायचंच.

मापासाठी शेजारी नाणं ठेवायची पद्धत आहे. मला ती नको वाटते. एक रुपयाचीच नाणी वेगवेगळ्या मापांची निघाली आहेत, आणि नाणं ठेवायला गेलेल्या हाताने भुंगेरा उडून जातो. त्यापेक्षा तो गेल्यावर त्याच पानावर, त्याच अंतरावरून पट्टी ठेवून एक फोटो काढायचा. असा जोडफोटो आला की मी त्या मुलाला चहा पाजते.

आता नोंद. फोटोसोबत तारीख, वेळ, जागा, उंची, झाड कोणतं, भुंगेरा काय करत होता, एवढं हवंच. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर होतं का हेही विचारा. जागेच्या बाबतीत आपल्याकडे एक खास घोळ होतो. चवथीच्या आधी डिचोलीच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या मांडवीचं, सामान येतं: कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, सुपारीचे शिपटे. त्यांच्यासोबत रानातले किडेही येतात. भुंगेरा तुमच्या घरी गणपतीवरच्या माटोळीत सापडला, फोटोत जागा डिचोली पडली, पण फळं सत्तरीच्या डोंगरावरून उतरलेली असतात. नोंदीत ‘माटोळीच्या सामानातून, विकणारा अमुक गावचा’ असं लिहिलेलं असेल तर फोटो कामाचा; नुसतं ‘डिचोली’ असेल तर तो पुढच्या अभ्यासकाची दिशाभूल करणार. जळाऊ लाकडं, फर्निचरचं लाकूड, रोपवाटिकेतून आणलेली कलमं यांचंही तसंच.

नेमकी जागा नोंदीत असावी, पण सगळ्यांना दाखवू नये. मोठ्या शिंगांच्या आणि चमकदार भुंगेऱ्यांना गोळा करणारे गिऱ्हाईक जगभर आहेत. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर जागा धूसर ठेवायची सोय आहे. मग बघणाऱ्याला वीसेक किलोमीटरच्या चौकटीतला कुठलातरी बिंदू दिसतो. फोटोच्या मागे मैलाचा दगड, देवळाची पाटी किंवा ओळखीचा ओढा आला असेल तर तोही मी कापून टाकायला सांगते आणि मूळ फाइल वेगळी जपून ठेवायला लावते.

एवढं करूनही काही जाती फोटोवरून ठरतच नाहीत. नराचे अंतर्गत अवयव सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात आणि ते काम पुण्याच्या झूलॉजिकल सर्व्हेच्या पश्चिम विभागीय केंद्रासारख्या ठिकाणी जमा असलेल्या नमुन्यांवरच होतं. तेव्हा फोटोखाली जेवढं दिसतं तेवढंच नाव लिहायचं. प्रजाती, म्हणजे जातीच्या वरचा गट, कळली, जात नाही कळली, तर प्रजातीवर थांबायचं. फोटोत न दिसणाऱ्या जातीचं नाव लिहिलेला उत्तम फोटोही मी बाजूला काढते आणि नाव दुरुस्त होऊन आला की पुन्हा घेते.

पाठवणाऱ्याला उत्तर लिहिताना ‘छान’ किंवा ‘चालणार नाही’ असं मोघम लिहू नका. कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळालं आणि कोणतं राहिलं ते लिहा: “प्रोनोटम आणि पंख स्वच्छ आहेत, शृंगिका मोजता आल्या. मागचे पाय दिसत नाहीत. बाजूने काढलेला असेल तर पाठव. धूसर असला तरी पाठव, पुसून टाकू नकोस.” पुष्कळदा हवा असलेला फोटो त्याच कार्डात पडून असतो. वाईट आला म्हणून त्याने दाखवलेलाच नसतो.